दाखल्याविना भरलेला बाजार

माळेगावच्या यात्रेत घोडा किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी पैसे मोजून झाले म्हणून लगेच जनावराचे दावे हाती धरीत नाही. तो आधी पावती करून घेतो. विकणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, अंगावरची एखादी खूण अशा नोंदी असलेला तो कागदाचा कपटा खिशात पडला, की मगच सौदा पुरा झाला असे तो मानतो. वाटेत कोणी अडवले आणि ‘हा बैल माझ्या गोठ्यातून गेलेला आहे’ असा दावा केला, तर त्या कागदाशिवाय आपल्याला कोणी वाली नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या या मुलखाने चोरीच्या मालाचा धोका फार पूर्वी ओळखला आणि त्यावर आपल्यापुरता उपायही शोधून काढला.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा आज भोकरमध्ये बसून मोबाइलवर दुसऱ्याच एका बाजारात उभा असतो. या बाजाराला वार नाही, वेस नाही आणि बाजार समितीची चौकीही नाही. तेथे जुनी दुचाकी मिळते, संगणकाचे भाग मिळतात आणि ‘ओरिजनल मिलिटरी’ अशी जाहिरात केलेले बूट, जॅकेट, दुर्बिणी, पाठपिशव्या आणि बिनतारी संच हेही मिळतात. पहाटे उठून सैन्यभरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या मराठवाड्यातील तरुणांना या वस्तूंचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. किंमत निम्म्याहून कमी, छायाचित्र सुबक आणि विकणारा ‘फौजी’ असल्याचे सांगणारा. पैसे पाठवायला एक मिनिटही लागत नाही. पावतीचा प्रश्न मात्र कोणाच्या मनात येत नाही. ही वस्तू विकणाऱ्याकडे आली कोठून, हा प्रश्न तर त्याहूनही दूर राहतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे कोचीच्या एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कोचीन शिपयार्डमध्ये बांधणी चालू असलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेवरील नियंत्रण-पटलांमधून संगणकाचे सुटे भाग चोरीस गेल्याचे उघडकीस आले. प्रोसेसर, रॅम आणि माहिती साठवणाऱ्या डिस्क असे ते भाग होते. देशात बांधल्या जाणाऱ्या पहिल्या विमानवाहू नौकेवरून असा ऐवज जावा, याचा अर्थ सुरक्षा यंत्रणांनी गांभीर्याने घेतला आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. परकीय हेरगिरीपासून घातपातापर्यंत अनेक शंका व्यक्त झाल्या. नौकेवर काम केलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या बोटांचे व तळहातांचे ठसे पडताळून पाहिल्यानंतर जून २०२० मध्ये दोघांना अटक झाली. ते कोणी हेर नव्हते. कंत्राटदाराकडे रंगकाम करणारे ते मजूर होते आणि त्यांनी पैशासाठी चोरी केल्याचे तपासात पुढे आले. चोरलेला काही माल ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या मार्गाने विकला गेल्याचे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

या प्रकरणात चोरांपेक्षा त्या अनामिक ग्राहकाचा विचार अधिक अस्वस्थ करणारा आहे. आपल्या घरच्या संगणकासाठी जुना प्रोसेसर किंवा रॅम स्वस्तात मिळते म्हणून एखाद्याने चार पैसे मोजले असतील, तर त्या वस्तूवर ‘भारतीय नौदल’ असे कोरलेले नव्हते. बाजारात मिळणाऱ्या हजारो भागांसारखाच तो एक भाग. चोराच्या लेखी ती काही हजार रुपयांची वस्तू होती, ग्राहकाच्या लेखी तो फायद्याचा सौदा होता आणि तपास यंत्रणेच्या लेखी तो राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न होता. एकाच वस्तूचे हे तीन अर्थ ज्या दिवशी एकमेकांवर आदळतात, त्या दिवशी दारावर थाप पडते ती ग्राहकाच्या.

योगायोग असा, की याच नावाच्या जुन्या नौकेची कहाणी नेमकी उलट आहे. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली पहिली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि अखेरीस लिलावात निघाली. ती वाचविण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण यश आले नाही. २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखाना भागात तिची मोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश वापरून बजाज कंपनीने २०१६ मध्ये ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली आणि ती अभिमानाने मिरविणारे तरुण गावोगाव दिसू लागले. म्हणजे युद्धनौकेचा तुकडा सामान्य माणसाच्या हाती येणे, यात मुळात काही गैर नाही. एका विक्रांतचा तुकडा जाहीर लिलावातून, कागदोपत्री आणि सर्वांच्या देखत आला. दुसरीचा तुकडा अंधारात, कागदाविना आला. धातू आणि सिलिकॉन यांत फरक असेल, पण खरा फरक आहे तो कागदाचा.

म्हणूनच ‘मिलिटरीचा माल’ या सैल शब्दाखाली काय काय येते, ते आधी वेगळे करून पाहिले पाहिजे. पहिला प्रकार रीतसर निकाली काढलेल्या मालाचा. सैन्यदले कंडम झालेली वाहने, तंबू, यंत्रसामग्री, भंगार यांचा लिलाव करतात. एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावरून असे लिलाव होतात आणि माल घेणाऱ्याला त्याची कागदपत्रे मिळतात. लष्कराच्या जुन्या जिप्सी गाड्या हौशी लोकांकडे दिसतात त्या बहुधा याच वाटेने आलेल्या असतात. दुसरा प्रकार नकलेचा. छावणीच्या परिसरातील दुकानांतून आणि कारखान्यांतून लष्करी धाटणीचे कपडे, बूट, पट्टे तयार होऊन विकले जातात. त्यांचा लष्कराशी संबंध केवळ रंगापुरता असतो. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने चोरीच्या किंवा वाटेत वळविलेल्या मालाचा. आणि चौथा प्रकार मुळात अस्तित्वातच नसलेल्या मालाचा, म्हणजे शुद्ध फसवणुकीचा.

या चौथ्या प्रकाराचा अनुभव महाराष्ट्रातील शहरांनी पुरेपूर घेतला आहे. ‘माझी बदली सीमेवर झाली आहे, गाडी तातडीने विकायची आहे’ असे सांगणारा तोतया जवान, त्याने पाठविलेले लष्करी ओळखपत्राचे व कँटीन कार्डाचे छायाचित्र, ‘आर्मीच्या पार्सलने गाडी घरपोच येईल’ हे आश्वासन आणि मग वाहतुकीचा, विम्याचा, नोंदणीचा खर्च म्हणून एकामागून एक मागितलेल्या रकमा, ही पद्धत आता पोलिसांना तोंडपाठ झाली आहे. गणवेशाविषयी आपल्या समाजाला वाटणारा आदर हेच या टोळ्यांचे भांडवल असते. येथे ग्राहकाचे पैसे जातात. तिसऱ्या प्रकारात पैशांबरोबर त्याची झोपही जाते. अडचण अशी, की मोबाइलच्या पडद्यावर हे चारही प्रकार हुबेहूब सारखेच दिसतात. एक छायाचित्र, एक किंमत आणि ‘चौकशी करा’ असे सांगणारे एक बटण.

जगाच्या अनुभवाकडे पाहिले, तर हा प्रश्न इंटरनेटवरील बाजारांइतकाच जुना असल्याचे दिसते. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या ‘जीएओ’ या संस्थेने एप्रिल २००८ मध्ये एक अहवाल मांडला. तिच्या तपासनिसांनी ओळख लपवून ‘ईबे’ आणि ‘क्रेगलिस्ट’ या संकेतस्थळांवरून डझनभर संवेदनशील लष्करी वस्तू विकत घेऊन दाखविल्या. त्यांत एफ-१४ या लढाऊ विमानाचे सुटे भाग होते, रात्री पाहण्याची उपकरणे होती, रासायनिक व जैविक हल्ल्यापासून संरक्षण देणारा पोशाख होता. यांपैकी अनेक वस्तू अमेरिकी लष्कराकडून चोरीस गेलेल्या होत्या. एफ-१४ विमाने त्या वेळी इराणच्याच हवाई दलात उरली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सुट्या भागांना गिऱ्हाईक कोण असू शकले असते, याची कल्पना येते. अशी विक्री रोखण्याची फारशी व्यवस्था या संकेतस्थळांकडे नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, अमेरिकेतीलच फोर्ट कॅम्पबेल या लष्करी तळावरील प्रकरण उजेडात आले. तेथील सहा सैनिक आणि दोन नागरिकांवर दहा लाख डॉलरहून अधिक किमतीची लष्करी सामग्री चोरून इंटरनेटवरून विकल्याचा आरोप ठेवण्यात आला. बंदुकीच्या दुर्बिणी आणि शस्त्रांचे सुटे भाग थेट परदेशातील ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर २०२२ मध्ये जर्मनीतील संगणक-सुरक्षा अभ्यासकांनी तर याहून धक्कादायक गोष्ट दाखवून दिली. अमेरिकी लष्कराने अफगाणिस्तानात वापरलेले, बोटांचे ठसे आणि बुबुळांची छायाचित्रे टिपणारे एक यंत्र त्यांना ‘ईबे’वर अवघ्या ६८ डॉलरला मिळाले. त्याच्या स्मृतिपत्रात २,६३२ माणसांची ओळख पटविणारी माहिती जशीच्या तशी होती. त्यांत अमेरिकी फौजेबरोबर काम केलेल्यांचीही नोंद असेल, तर तालिबानच्या राजवटीत ती माहिती म्हणजे त्यांच्या जिवाचा प्रश्न होता.

या तीन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. धोका केवळ बंदुका आणि दारूगोळ्याचा नसतो. वरवर निरुपद्रवी दिसणारा संगणकाचा भाग, जुने यंत्र, एखादा गणवेश यांची किंमत त्यांच्या बाजारभावावरून ठरत नाही. आपल्याकडे याचा कटू अनुभव गणवेशाच्या बाबतीत आला. २०१५ मध्ये पंजाबातील दीनानगर येथे आणि जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी पेहरावात आले होते. पठाणकोटनंतर लष्कराला नागरिकांना आणि दुकानदारांना लष्करी धाटणीचे कपडे न वापरण्याचे, न विकण्याचे आवाहन करावे लागले. पुढे १५ जानेवारी २०२२ रोजी सैन्यदिनी लष्कराने नवा युद्धवेश प्रथमच लोकांसमोर आणला आणि त्यानंतर त्याच्या रचनेची रीतसर नोंदणी करून नक्कल करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाईची सोय करून ठेवण्यात आली. शस्त्रांच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे. जबलपूरच्या लष्करी भांडारातून एके-४७ रायफली बाहेर काढून बिहारमधील मुंगेरपर्यंत पोहोचविल्याचे प्रकरण २०१८ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यात भांडारातीलच आजी-माजी कर्मचाऱ्यांकडे बोट गेले. चोरीचा उगम बहुतेक वेळा आत असतो, ही गोष्ट कोची, जबलपूर आणि फोर्ट कॅम्पबेल या तिन्ही ठिकाणी सारखीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भोकरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या तरुणाने अशी वस्तू अजाणता विकत घेतली आणि ती चोरीची निघाली, तर कायदा त्याच्याकडे कसा पाहतो? या प्रश्नाचे तीन भाग आहेत. तो गुन्हेगार ठरतो काय, वस्तू त्याच्याकडे राहते काय आणि त्याचे पैसे परत मिळतात काय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे, पण पूर्णपणे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ (पूर्वीच्या दंडविधानात कलम ४११) चोरीचा माल स्वीकारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते. मात्र त्यासाठी माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे किंवा तसे मानण्यास सबळ कारण असले पाहिजे, शिवाय त्याचा हेतू अप्रामाणिक असला पाहिजे. अजाण ग्राहक या व्याख्येत बसत नाही. परंतु पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे. ताज्या चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो, त्याला तो माल कसा आला हे सांगता आले नाही, तर तोच चोर आहे किंवा त्याने जाणूनबुजून चोरीचा माल घेतला आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे कागद नसलेल्या ग्राहकाला आपले निर्दोषपण समजावून सांगण्याची वेळ येते. पावती नाही, विकणाऱ्याचे खरे नाव माहीत नाही, जाहिरात केव्हाच काढून टाकलेली आहे आणि उरला आहे तो एक बंद पडलेला मोबाइल क्रमांक, अशा अवस्थेत तो काय सांगणार?

येथे आणखी एक बारकावा आहे आणि तो प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कायदा केवळ माल ‘स्वीकारण्या’विषयी बोलत नाही, तो ‘ठेवून घेण्या’विषयीही बोलतो. वस्तू घेताना काही ठाऊक नव्हते, पण नंतर तिच्यावरचा शिक्का पाहून किंवा बातमी वाचून खरा प्रकार कळला आणि तरीही ती घरात ठेवली, तर अजाणपणाचे कवच त्या क्षणी गळून पडते. घाबरून ती वस्तू दुसऱ्याला विकून टाकणे, फेकून देणे किंवा तिच्यावरचे क्रमांक खरवडून काढणे हे तर स्वतःहून गुन्ह्यात पाऊल टाकणे होय. असे करणारे बहुधा गुन्हेगारी वृत्तीचे नसतात, केवळ भेदरलेले असतात. पण तपास अधिकाऱ्यापुढे भीती आणि लबाडी यांचे चेहरे सारखेच दिसतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. वस्तू राहत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ सांगते, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे हक्क शून्य, म्हणून ग्राहकाकडेही शून्य. मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली असो किंवा त्याच्या मनात तिळमात्र पाप नसो. इंग्लंडमध्ये शतकानुशतके एक वेगळा नियम होता. प्रस्थापित खुल्या बाजारात, भर दिवसा, सर्वांच्या देखत प्रामाणिकपणे घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचा हक्क मान्य होत असे. ज्या काळी माणसे आपल्याच पंचक्रोशीत व्यवहार करीत आणि चोरीस गेलेली वस्तू शोधायला मालक त्याच बाजारात येई, त्या काळाला तो नियम शोभत होता. १९९४ मध्ये इंग्लंडनेही तो रद्द केला. आजचा बाजार पंचक्रोशीचा राहिलेला नाही, हे त्यामागचे साधे कारण.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना माहीत नसते. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे, अशी हमी प्रत्येक विक्रीत कायद्यानेच गृहीत धरलेली असते. त्यामुळे फसलेला ग्राहक विक्रेत्याकडून पैसे परत मागू शकतो. शिवाय फौजदारी प्रक्रियेत एक छोटीशी तरतूद आहे, पूर्वीच्या संहितेत कलम ४५३ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९९. चोर दोषी ठरला, अटकेच्या वेळी त्याच्याकडून रोकड मिळाली आणि अजाण ग्राहकाने मूळ मालकाला वस्तू परत केली, तर त्या रकमेतून ग्राहकाचे पैसे देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तरतूद चांगली आहे. पण चोर सापडणे, तो दोषी ठरणे आणि त्याच्या खिशात पैसे उरलेले असणे, हे तीन ग्रह एका राशीत येण्याची वाट ग्राहकाला पाहावी लागते.

सारांश असा, की या साखळीत सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर सर्वांत जास्त भार पडतो. ज्या भांडारातून वस्तू गेली त्याला ती गेल्याचे कळायला महिने लागू शकतात. ज्या बाजारात ती विकली गेली तो बाजार ‘आम्ही केवळ जागा दिली’ असे म्हणून बाजूला होतो. राहतो तो ग्राहक.

बाजाराच्या जबाबदारीचा वाद आपल्याकडे नवा नाही. डिसेंबर २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ या संकेतस्थळावर एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली म्हणून त्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली होती. दुसऱ्याच्या कृत्यासाठी बाजार चालविणाऱ्याला तुरुंगात टाकणे न्याय्य आहे काय, यावर तेव्हा मोठी चर्चा झाली. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थ कंपन्यांना व्यापक संरक्षण मिळाले. योग्य ती दक्षता घेतली आणि बेकायदा गोष्ट रीतसर कळविली गेल्यावर हटविली, तर त्यांच्यावर दायित्व येत नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क ही माहिती ग्राहकाला देण्याचे बंधन मंचांवर घातले. मात्र त्या नियमांतून एक मोठी वाट मोकळी राहिली. नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक पातळीवर एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीच्या व्यवहारांना ते नियम लागू होत नाहीत. घरातील जुने कपाट विकणाऱ्या गृहिणीचा विचार करता ही सवलत योग्यच आहे. पण चोरही नेमका त्याच दाराने आत येतो. तो दुकान थाटून बसत नाही. तोही ‘वैयक्तिक’ विक्रेताच असतो.

मग उपाय काय? प्रत्येक जुन्या वस्तूच्या विक्रीवर कागदपत्रांची सक्ती करावी, असे कोणी सुचवील. ते अव्यवहार्य आहे आणि अन्यायाचेही आहे. लातूर आणि नांदेडमध्ये शिकवणी वर्गांसाठी खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले जुनी पुस्तके, सायकली, कूलर आणि मोबाइल घेऊनच वर्ष काढतात. जुन्या मालाचा बाजार हा मध्यमवर्गीय आणि गरीब कुटुंबांचा आधार आहे. त्याच्या गळ्यात परवान्याचा दोर अडकवला, तर व्यवहार थांबणार नाहीत, ते फक्त आणखी अंधारात जातील.

मात्र निवडक वस्तूंच्या बाबतीत बाजाराला जबाबदार धरता येते, हे २०२५ मध्ये दिसून आले. बिनतारी संच, म्हणजे वॉकी-टॉकी, परवान्याची आणि वारंवारितेची कोणतीही माहिती न देता सर्रास विकले जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या वर्षी मे महिन्यात १३ मंचांना नोटिसा बजावल्या. त्या संचांच्या विक्रीच्या सुमारे १७ हजार नोंदी प्राधिकरणाला आढळल्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा उपकरणांच्या विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मंजूर वारंवारिता व आवश्यक प्रमाणपत्रे तपासल्याशिवाय वस्तू विक्रीला ठेवू नये, अशी जबाबदारी मंचांवर टाकण्यात आली. हीच पद्धत लष्करी खुणा असलेल्या उपकरणांना, रात्री पाहण्याच्या दुर्बिणींना, चिलखती जाकिटांना आणि खऱ्या गणवेशांना लावण्यात अडचण कोणती? यादी लहान असावी, पण ती काटेकोर असावी. लिलावात घेतलेला माल असेल, तर लिलावाच्या कागदाचे छायाचित्र जाहिरातीसोबत दिल्याशिवाय ती प्रसिद्ध होऊ नये, एवढा नियम पुरेसा आहे. रीतसर व्यापाऱ्याला तो कागद दाखविणे मुळीच जड नाही. जड जाईल ते ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच.

दुसरी जबाबदारी संरक्षण दलांची आणि त्यांच्या कंत्राटदारांची आहे. कोचीच्या नौकेवर हजारो कंत्राटी कामगारांची ये-जा होती. आत जाणाऱ्याची झडती आणि बाहेर येणाऱ्याकडे दुर्लक्ष ही आपल्या अनेक प्रवेशद्वारांवरील रीत आहे. माहिती साठवणाऱ्या भागांवर न पुसता येणारी खूण असावी आणि चोरीस गेलेल्या वस्तूंचे अनुक्रमांक गोपनीयतेला बाध न येता ग्राहकाला पडताळून पाहता यावेत. चोरीस गेलेल्या मोबाइलचा क्रमांक बंद करण्याची व त्याचा माग काढण्याची सोय केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ने नागरिकांना उपलब्ध करून दिली आहेच. जे फोनच्या बाबतीत जमले, ते इतर उपकरणांच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

तिसरी जबाबदारी आपली, म्हणजे ग्राहकांची. ती पहिल्या दोहोंची जागा घेऊ शकत नाही, पण तिच्यावाचून गत्यंतरही नाही. विक्रेत्याला ‘वस्तू तुमच्याकडे कोठून आली’ हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. जाहिरातीची आणि संभाषणाची प्रतिमा जपून ठेवावी. पैसे रोख न देता खात्यातून द्यावेत, म्हणजे माग राहतो. ओळखपत्राच्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नये, कारण खरा जवान आपले ओळखपत्र अनोळखी माणसाला पाठवीत नाही. वस्तू हाती आल्यावर तिच्यावर लष्करी शिक्का, भांडार क्रमांक किंवा आत साठविलेली माहिती आढळली, तर ती उघडून पाहण्याचा मोह टाळावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घ्यावी. दारूगोळ्यासारखे काही असेल, तर त्याला हातही लावू नये. फसवणूक झाली असेल, तर १९३० या मदत क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी पैसे अडविले जाण्याची शक्यता वाढते.

पोलिसांकडूनही येथे एका गोष्टीची अपेक्षा आहे. स्वतःहून वस्तू घेऊन येणाऱ्या नागरिकाकडे पहिला संशयित म्हणून नव्हे, तर पहिला साक्षीदार म्हणून पाहिले गेले पाहिजे. त्याच्याकडेच विक्रेत्यापर्यंत जाणारा एकमेव धागा असतो. त्याला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले, की ती बातमी गावभर होते आणि पुढचा माणूस वस्तू आणून देण्याऐवजी नाल्यात फेकून देतो. प्रामाणिकपणाला शिक्षा झाली, तर समाज अप्रामाणिकपणा शिकतो, तोही फार लवकर.

स्वस्त मिळते म्हणून घेणे हा काही गुन्हा नाही. काटकसर हा तर आपल्याकडे गुण मानला गेला आहे. पण एखादी गोष्ट एवढी स्वस्त का मिळते, हा प्रश्न विचारण्याची सवय मागच्या पिढीने जपली होती आणि ती मोबाइलच्या पडद्यावर हरवली आहे. माळेगावच्या बाजारात कमी किमतीत उमदा घोडा मिळू लागला, की जाणता माणूस आधी मागे सरकतो आणि मग विचारतो, ‘पावती आहे का?’ या तीन शब्दांच्या प्रश्नाने किती घरे वाचविली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. नव्या बाजाराला अजून ती चौकी मिळालेली नाही. ती उभी राहीपर्यंत हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या खिशात बाळगावा हे बरे.